सातपुड्यात निघण्याआधी जीपची पेटी

चिरंजीव,

अनेक आशीर्वाद. पत्र मिळालं. जुनी महिंद्राची एमएम ५४० जीप घेतलीस आणि दिवाळीनंतर शहाद्याहून तोरणमाळ, मग धडगाव-मोलगी करायचं ठरवलंस, हे वाचून फार बरं वाटलं. हत्यारांच्या आणि सुट्या भागांच्या पेटीत काय भरू त्याची यादी मागितलीस. नुसती यादी देत नाही, कारण दुसऱ्याच्या गाडीवरून भरलेली पेटी ऐन वेळी उपयोगी पडत नाही. रस्त्याच्या कडेला, त्याच पेटीतल्या पान्यांनी, तुला स्वतःला जे बसवता येतं तेवढंच सोबत घ्यायचं. घरी एकदाही बसवून बघितलं नाही असं सामान म्हणजे नुसतं वजन.

सुरुवात पान्यांपासून. तुझ्या गाडीत दोन मापं नांदतात. इंजिन प्युजोचं, २११२ सीसीचं एक्सडीपी ४.९०, म्हणून त्याचे नट मिलिमीटरचे. अ‍ॅक्सल, ट्रान्सफर केस (ताकद पुढच्या-मागच्या चाकांना वाटणारा डबा), चाकांचे नट हे सगळं मूळ अमेरिकन विलीज जीपच्या घराण्यातलं, म्हणून इंचाचं. बाजारात पान्यांचा सेट मिळतो तो मिलिमीटरचा, आणि गडबड तिथेच होते. पाऊण इंचाच्या नटाला १९ चा पाना चालतो, अर्ध्या इंचाला १३ चा नीट बसतो. पण ९/१६ चा नट आला की १४ चा जात नाही आणि १५ चा ढिला पडतो. जोर लावलास की नटाचे कोपरे जातात, पाना सटकतो आणि बोटं चॅसीवर आपटतात. म्हणून ८ ते २२ मिलिमीटरचे रिंग आणि फिक्स पाने घे आणि त्यासोबत ७/१६, १/२, ९/१६, ५/८, ३/४ हे पाचही इंची पाने घे. शिवाय अर्धा इंची चौकाचा गोटी पान्यांचा सेट, लॉकिंग पक्कड, साधी पक्कड, दोन पेचकस, एक किलोची हातोडी, छिन्नी, सरक्लिप पक्कड आणि पुढच्या हबच्या मोठ्या नटाचा पाना. हा शेवटचा सेटमध्ये येत नाही, वेगळा आणावा लागतो.

मग गाडीभोवती फिरून चाकांचे नट बघ. काही जुन्या जीपच्या डाव्या बाजूच्या चाकांना उलटे आटे असतात, स्टडच्या टोकावर ‘एल’ कोरलेलं दिसतं. ते घड्याळाच्या दिशेने फिरवले की सुटतात. हे ठाऊक नसलं की माणूस पान्यावर उभा राहून स्टडच तोडतो. तुझ्या गाडीला तसे असतील तर त्या बाजूवर पांढऱ्या रंगाने बाण काढून ठेव आणि दोन्ही आट्यांचे दोन-दोन जादा नट घे.

आता डिझेल. या विषयावर थोडं सविस्तर लिहितो, कारण ऐन घाटात जुनं डिझेल इंजिन उभं राहतं ते बहुतेक वेळा डिझेलमुळेच, आणि हातात पाना असेल तर अर्ध्या तासात परत चालू होतं. आधी रोग ओळखायला शिक. इंजिन चालू होतं, अर्धा मिनिट चालतं, खाली-वर होतं आणि बंद पडतं, म्हणजे लाईनमध्ये हवा शिरतेय. सपाटीवर छान पळतं पण चढ लागला की दम सोडतं, म्हणजे फिल्टर चोकअप. आणि टाकीचं झाकण उघडताच ‘फुस्स’ आवाज होऊन गाडी पुन्हा ओढायला लागली, तर झाकणाचं हवेचं भोक बुजलंय. तिन्हींचे उपाय वेगळे आहेत, म्हणून आधी निदान आणि मगच पाना.

यासाठी दोन डिझेल फिल्टर त्यांच्या रबरी रिंगांसह, ८ मिलिमीटर आतल्या मापाचा डिझेलचा रबरी पाइप एक मीटर, सहा क्लिपा, इंजेक्टरवरच्या रिटर्नचा बारीक पाइप अर्धा मीटर, आणि १०, १२, १४ मिलिमीटरचे तांब्याचे वॉशर प्रत्येकी सहा. वॉशर संपले तर जुनाच वॉशर पकडीत धरून गॅसवर लाल कर आणि पाण्यात टाक. तांबं परत मऊ होतं आणि वॉशर पुन्हा बसतो.

हवा काढायचा क्रम पाठ कर. फिल्टरच्या डोक्यावरचा हवेचा स्क्रू दोन आटे ढिला कर आणि हातपंप मारत राहा. आधी फेस येईल, मग बुडबुडे, मग स्वच्छ डिझेलची धार. धार आली की पंप मारता मारताच स्क्रू आवळ. तसंच मोठ्या पंपावर, म्हणजे इंजेक्शन पंपावर कर. एवढ्याने चालू झालं नाही तर इंजेक्टरवरचे पाइपांचे नट एक-एक आटा ढिले कर, कोणाला तरी स्टार्टर मारायला सांग, आणि चारही ठिकाणी डिझेल उसळलं की आवळ. स्टार्टर एका वेळी दहा-पंधरा सेकंदांवर नको, मध्ये त्याला थंड होऊ दे. स्टार्टर फिरत असताना हात किंवा तोंड त्या नटांजवळ नेऊ नकोस. इंजेक्टर पाइपातला दाब इतका असतो की डिझेल कातडीतून आत शिरतं. जखम सुईच्या टोकाएवढी दिसते, पण ती थेट शस्त्रक्रियेची बाब असते.

इंजिनाचा स्टॉप विजेच्या सोलेनॉइडवर (डिझेल सोडणाऱ्या-बंद करणाऱ्या विजेच्या झडपेवर) असेल तर दोन्ही टोकांना क्लिप लावलेली दोन मीटर वायर आणि मध्ये १० अँपिअरचा फ्यूज, असं बनवून ठेव. स्विचची वायर तुटली तरी बॅटरीतून थेट सोलेनॉइडला वीज देता येते. वाटेत बाटलीतलं किंवा ड्रममधलं डिझेल घ्यायची वेळ आली तर जाड सुती फडक्याने दोनदा गाळ आणि घेतल्यानंतर फिल्टरच्या तळाचा स्क्रू उघडून पाणी काढ. टाकी झिरपायला लागली तर कपड्याचा साबण ओला न करता भेगेत घासून भर. डिझेलात तो विरघळत नाही, घरापर्यंत निभतं.

पाण्याच्या बाजूला फॅनबेल्ट दोन घे. बेल्टच्या पाठीवरचा नंबर वाचून घे, ‘जीपचा द्या’ म्हणून आणू नकोस. रेडिएटरचा वरचा आणि खालचा होज एक-एक, थर्मोस्टॅटचं गॅस्केट, आणि गाडीसाठी दहा लिटर पाणी. पिण्याचं पाणी वेगळ्या कॅनमध्ये. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, तेव्हा हे दोन्ही हिशेब एकत्र केलेस तर एकाला कमी पडेल. गरम रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही. इंजिन बंद करून निदान अर्धा तास थांब, मग ओल्या पोत्याने झाकण धरून पहिल्या खाचेपर्यंतच फिरव आणि वाफ जाऊ दे. रेडिएटर गळायला लागला की कोणीतरी हळद टाकायला सांगेल. गळती थांबते हे खरं, पण ती हळद बारीक नळ्यांत बसते आणि पुढच्या उन्हाळ्यात गाडी तापायला लागते. त्यापेक्षा गळती दिसत असेल तर पाणी उतरव, जागा खरवडून कोरडी कर आणि एम-सील लाव. तुझा रेडिएटर पितळी असेल तर शहाद्यात किंवा धुळ्यात झाळून मिळेल.

आता प्रोपेलर शाफ्ट, म्हणजे ट्रान्सफर केसपासून अ‍ॅक्सलपर्यंत ताकद नेणारा दांडा. त्याच्या टोकांच्या युनिव्हर्सल जॉइंटला गॅरेजमध्ये क्रॉस म्हणतात. जुन्या जीपचा मागचा क्रॉस तुटला तर गाडीला घरी आणायचा रस्ता फोर-व्हील ड्राइव्हमध्येच आहे. मागचा शाफ्ट दोन्ही टोकांनी काढून गाडीत टाक, पुढचे हब लॉकवाले असतील तर लॉक कर, फोर-हायमध्ये टाक आणि पुढच्या चाकांवर हळू चाल. लोमध्ये टाकू नकोस, सगळा जोर एकट्या पुढच्या अ‍ॅक्सलवर येतो. पण हे करण्याआधी एक गोष्ट: नटाला हात लावण्यापूर्वी चारही चाकांना दगड लाव. जुन्या जीपचा हँडब्रेक ट्रान्सफर केसच्या मागे, त्याच शाफ्टला धरतो. शाफ्ट सुटला की हँडब्रेक ओढलेला आणि गिअर टाकलेला असूनही गाडी मोकळी होते आणि तू तिच्याखाली असतोस. चांदसैली किंवा देवगोई घाटाच्या उतारावर हे विसरायचं नाही. काढण्याआधी शाफ्टच्या दोन तुकड्यांवर समोरासमोर खडूची रेघ मार. परत जोडताना रेघ जुळली नाही तर गाडी थरथरते.

एक नवा क्रॉस सोबत असू दे, पण तुझ्या जुन्याशी माप ताडून घेतलेला. रस्त्यावर बसवायचा तर एका बाजूला लहान गोटी, दुसऱ्या बाजूला मोठी गोटी धरून हातोडीने ठोकून कप सरकवावा लागतो आणि आतल्या सुया पडू नयेत म्हणून ग्रीस भरावं लागतं. शाफ्ट काढून पुढच्या चाकांवर येणं यापेक्षा सोपं, मी तेच सांगेन. यू-क्लॅम्प दोन, त्यांचे नट आठ.

पाट्यांसाठी, म्हणजे अ‍ॅक्सलवरच्या स्प्रिंगांसाठी, सेंटर बोल्ट दोन, यू-बोल्ट दोन, नट चार. सेंटर बोल्ट तुटला की अ‍ॅक्सल मागे-पुढे सरकतो आणि गाडी तिरकी चालते. त्याचं मूळ कारण बहुतेक वेळा ढिले यू-बोल्ट, म्हणून निघण्याआधी ते आवळ आणि पन्नास किलोमीटरवर परत बघ. मेन पाटाच तुटला तर बाभळीचा ठोकळा अ‍ॅक्सल आणि चॅसीच्या मध्ये घालून साखळीने बांध.

ब्रेकचा मास्टर सिलिंडर एकाच खान्याचा असेल तर एक पाइप फुटला की चारही चाकांचा ब्रेक जातो. ब्रेक ऑइलच्या अडीचशे मिलीच्या दोन सीलबंद बाटल्या घे, मोठी उघडी बाटली नको, ते हवेतलं पाणी पितं. डबीवर लिहिलेला प्रकार तुझ्या गाडीच्या पुस्तकाशी जुळवून घे. एक लवचिक होज, एका चाकाच्या सिलिंडरची रबर किट, आणि पाइपाच्या आट्याचा एक बंद नट, म्हणजे फुटलेली शाखा बंद करून उरलेल्या चाकांवर पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये खाली येता येतं. ब्रेकमध्ये इंजिन ऑइल कधीच ओतू नकोस, सगळी रबरं फुगतात आणि पुढे दुप्पट खर्च होतो. क्लच आणि एक्सिलेटरला केबल असेल तर दोन्ही एक-एक.

विजेचं सामान थोडं: १० ते ३० अँपिअरचे फ्यूज प्रत्येकी चार, हेडलाइटचा एक बल्ब, अडीच स्क्वेअर मिलिमीटरची वायर तीन मीटर, टेस्ट लॅम्प, एक हीटर प्लग (थंडीत इंजिन चालू व्हावं म्हणून आतून तापवणारा). तोरणमाळला डिसेंबरच्या पहाटे हीटर प्लग लागतातच.

टायर ६.००-१६ ट्यूबवाले असतील तर दोन ट्यूब, तीन टायर लिव्हर, पंक्चरची पेटी, पाच-सहा वाल्व पिना आणि पायपंप. आपल्याकडे वेड्या बाभळीचे काटे आहेतच, पण कपाशी निघाल्यावर शेतात उभे राहिलेले पऱ्हाटीचे तिरके खुंट त्याहून वाईट. ते टायरच्या बाजूत शिरतात आणि बाजूला पंक्चर काढून भागत नाही. शेताच्या बांधावरून जाताना उतरून बघ. तापीच्या वाळूत हवा १८-२० पीएसआयपर्यंत उतरवायला हरकत नाही, त्याखाली ट्यूब टायरमध्ये सरकून वाल्व तुटतो. बाटली जॅक तीन टनांचा आणि त्याखाली एक फूट बाय एक फूट, दोन इंच जाड फळी. फळीशिवाय काळ्या जमिनीत जॅक गाडीला उचलत नाही, स्वतःच आत जातो. फावडं, दोन रिकामी पोती, ओढायचा दोर आणि दोन शॅकल, दोर बंपरला नाही तर चॅसीच्या हुकाला. दोन किलोचं अग्निशामक ड्रायव्हरच्या हाताशी.

पेटी मागच्या अ‍ॅक्सलच्या पुढे, तळाशी, पट्ट्याने बांध. घाटात उसळलेला जॅक डोक्यात बसतो. वर्षातून दोनदा, आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) आणि दिवाळीला, ती पूर्ण रिकामी कर. आपल्या उन्हाळ्यात बंद पत्र्याच्या पेटीत इन्सुलेशन टेपचा डिंक वितळतो, पंक्चरचं सोल्युशन सुकतं, एम-सील दगड होतं. बेल्ट आणि रबरं शंखजिरं लावून सुती कापडात गुंडाळ. जुने काढलेले पण चालते भाग, म्हणजे बेल्ट, होज, थर्मोस्टॅट, फेकू नकोस. ते तुझ्या गाडीला बसतात हे सिद्ध झालेलं असतं, नव्याबद्दल तसं म्हणता येत नाही.

निघायच्या आधीच्या रविवारी जीप अंगणात लाव, घरातल्या पान्यांना हात न लावता फक्त पेटीतल्या सामानावर तीन कामं कर: फिल्टर बदलून हवा काढणं, एक चाक सोडून ट्यूब बदलणं, आणि मागचा शाफ्ट काढून परत जोडणं. कुठे अडलास आणि कोणता पाना कमी पडला, ते मला कळव.

तुझा,
काका