कॅनडातल्या ओंटारियो प्रांतात फ्रेंच बालवर्गाला शिकवायला नवीन आहेस?

सडबरी शहरातल्या फ्रेंच शाळेत शिकवायला बालवर्ग मिळाला, छान झालं! एक ध्यानात ठेव, ही इंग्रजी शाळेतली फ्रेंच इमर्शन, म्हणजे इंग्रजी भाषक मुलांना फ्रेंचमधून शिकवायची पद्धत, नव्हे. कॅनडाच्या राज्यघटनेतल्या 1982 च्या हक्कांच्या सनदेतल्या कलम 23 नुसार अल्पसंख्य फ्रेंच भाषकांना मिळालेला हा हक्क आहे. तरीही बरीच पोरं घरी इंग्रजीच बोलतात. तुझ्याशी फ्रेंच आणि ठोकळ्यांच्या कोपऱ्यात आपापसांत इंग्रजी, हे दिसणारच. दटावू नकोस, पोर गप्पच होईल. कुणी ‘माय टर्न!’ ओरडलं की शेजारी बसून सहज ‘से मों तूर’ (‘माझी पाळी’ला फ्रेंच) म्हण आणि खेळ चालू ठेव. पुन्हा म्हणवून घ्यायच्या फंदात पडू नकोस. हो-नाही एवढंच उत्तर येईल असे प्रश्न कमी विचार, आणि विचारल्यावर थांब. आपण शिक्षक फार बोलतो! हिवाळ्यात टोपी, हातमोजे, बूट चढवायला वेळ जातो म्हणून वैतागू नकोस. रोज तीच वाक्यं कानावर पडायला याहून चांगली संधी नाही. फ्रेंच न येणाऱ्या पालकाला मोडकंतोडकं फ्रेंच बोलायचा आग्रहही नको. त्याने आपल्या भाषेतच भरपूर गोष्टी वाचाव्यात. फ्रेंच येणाऱ्या पालकाला मात्र घरीही फ्रेंचच बोलायला सांग, आणि हे शाळा सुरू होताच, सप्टेंबरमध्येच सांग.