स्वस्त चहा समुद्रात का फेकला?

प्रश्न : अमेरिकेतल्या वसाहतींनी जाचक करांमुळे बंड केलं, बॉस्टनला चहा समुद्रात फेकला, असं शाळेत शिकले. पण त्या वर्षी तिथे चहा उलट स्वस्त होणार होता, असं परवा वाचलं. मग बंड कशासाठी?
– एक वाचक, सांगली

उत्तर : तुम्ही वाचलंत ते बरोबर आहे. १७७३ च्या कायद्याने ईस्ट इंडिया कंपनीला वसाहतींत थेट चहा विकायची मुभा मिळाली. मधले व्यापारी गळाले, लंडनची जकात माफ झाली. राहिली ती वसाहतीतली, पौंडभर चहामागे तीन पेन्स. (कंपनी बुडायला आली होती.) शिवाय इंग्लंडातला माणूस बॉस्टनकरापेक्षा कितीतरी जास्त कर भरत होता. म्हणून ‘कराचा बोजा’ हे उत्तर मला कधीच पटलं नाही.

ते तीन पेन्स जाणार कुठे होते, ते पाहा. त्यातून गव्हर्नर आणि न्यायाधीशांचे पगार काढायचे होते. बॉस्टन ज्या वसाहतीत होतं, त्या मॅसॅच्युसेट्सचा गव्हर्नर राजाने नेमलेला असे, पण त्याचा पगार मंजूर करी तिथली विधानसभा. त्यामुळे त्याला लोकांचं ऐकावं लागे. १७७२ मध्ये गव्हर्नर थॉमस हचिन्सनने जाहीर केलं, की आपला पगार आता राजाकडून येईल. न्यायाधीशांचंही तेच ठरलं. पिढ्यानपिढ्या हातात असलेला अंकुश काढून घ्यायचा, आणि तोही लोकांच्याच चहाच्या पैशातून! चहा विकायला नेमलेल्यांत हचिन्सनचे मुलगे होते. स्वस्त म्हणून तो चहा घेतला असता, तर हे सारं मान्य केल्यासारखंच झालं असतं. १६ डिसेंबर १७७३ च्या रात्री तीन जहाजांवरच्या सुमारे ३४० पेट्या पाण्यात गेल्या.

हे लोक धुतल्या तांदळासारखे नव्हते. त्यांच्यातले कितीतरी जण गुलाम बाळगत, आणि ॲपलेशियन डोंगरापलीकडच्या मूळनिवासींच्या जमिनीत वस्ती करायला राजाने १७६३ मध्ये मनाई केली, याचाही त्यांना राग होता. हे वगळून त्यांच्या स्वातंत्र्याचे गोडवे गाणं मला अन्यायाचं वाटतं.

पण खेडोपाडीचा शेतकरी उठला तो चहासाठी नव्हे. १७७४ मध्ये पार्लमेंटने बॉस्टन बंदर बंद केलंच, शिवाय वर्षातली एक सोडून बाकी गावसभांना गव्हर्नरची परवानगी सक्तीची केली. रस्ता, शाळा, गावचा कर, सगळं ज्या सभेत ठरे, तिलाच कुलूप. त्या सप्टेंबरात वूस्टर गावी हजारो शेतकरी जमले आणि त्यांनी राजाचं कोर्ट भरूच दिलं नाही. अधिकाऱ्यांना हॅट काढून, आपण माघार घेत असल्याचं पत्र पुन्हा पुन्हा वाचत त्या गर्दीतून चालावं लागलं. लेक्सिंग्टनला स्वातंत्र्ययुद्धाची पहिली गोळी सुटली ती त्यानंतर सात महिन्यांनी.