शिव्या साफ देते, मग बोलत काहून नाही?

लकवा मारलेल्या माणसाच्या घरचे लोक माझ्याकडे येतात, तेव्हा हातापायांबद्दल फारसं विचारत नाहीत. हात लुळा पडला हे डोळ्यांना दिसतं, म्हणून ते पटतं. पटत नाही ते बोलण्याचं. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यातून आलेल्या मुलाने ते अगदी नेमकं मांडलं. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील मी बदलले आहेत.)

"मॅडम, माय पाणी मांगत नाही, माझं नाव घेत नाही. काही विचारलं तं नुसती 'हो ते, हो ते' करते. पण राग आला का 'मुडद्या' म्हणते, एकदम साफ. म्हणजे जीभ तं चालूनच राहिली ना? बुढी मुद्दाम करते."

सुनेला वेगळीच भीती होती. आत्याबाई पागल झाल्या असं गावात बोललं जात होतं, आणि घरात लहान लेकरं होती.

माय खुर्चीत बसून हे सगळं ऐकत होती. उजवा हात मांडीवर तसाच पडलेला. मुलगा पुढे म्हणाला, "आता तिले काही समजत नाही, म्हणून सात-बाराचं आताच उरकून घ्यावं म्हणतो." तेव्हा तिने मान वळवली आणि डोळे भरून आले. मी मुलाला थांबवलं आणि मायकडे वळले.

टेबलावर किल्ली, कंगवा आणि चमचा ठेवला. "माय, किल्ली कोणती?" डाव्या हाताने बरोबर दाखवली. "कापूस भुईत लागतो का, भुईमुगासारखा?" जोरात नाही म्हणून मान हलवली. "हा तुमचा धाकटा?" पुन्हा नाही, तो थोरला होता. "किल्ली उचला आणि सुनेच्या हातात द्या." दिली. मग मी किल्ली वर धरून विचारलं, "हे काय आहे?" ओठ हलले, "ते… च… चा… ते", चेहरा लाल झाला आणि तोंडून शिवी निघाली.

"पाहा!" मुलगा म्हणाला.

मी म्हणाले, भाऊ, हेच पाहायचं होतं. किल्ली म्हणजे काय हे तिला माहीत आहे, ती कोणाला द्यायची तेही समजतं. अडकतो तो शब्द. आणि शब्द अडकल्याचा संताप मात्र अडकत नाही.

त्यांच्याजवळच्या सी.टी. स्कॅनच्या कागदावर मेंदूच्या डाव्या बाजूला, पुढच्या भागात इजा असल्याचं लिहिलेलं होतं. मेंदूवर सगळ्यात वर घड्या पडलेला एक थर असतो, त्याचा बहुतेक भाग म्हणजे निओकॉर्टेक्स. जाडी जेमतेम २ ते ४ मिलिमीटर, पण आत पेशींचे सहा पदर. माणसाच्या मेंदूतल्या साधारण ८,६०० कोटी चेतापेशींपैकी सुमारे १,६०० कोटी या वरच्या थरात असतात. "मला तहान लागली, तांब्यातलं पाणी दे" एवढं म्हणायचं तरी त्यातल्या कितीतरी जागांना एकत्र काम करावं लागतं. काय सांगायचं ते ठरवायचं, शब्द शोधायचे, त्यांचा क्रम लावायचा, ओठ-जिभेला हुकूम सोडायचा. बहुतेक माणसांत या कामाचा मोठा भाग डाव्या बाजूला चालतो. त्याच बाजूकडून उजवा हात-पाय हलतो, म्हणून उजवं अंग आणि बोलणं पुष्कळदा बरोबरच जातात.

शिवी वेगळ्या मार्गाने येते. ती जुळवावी लागत नाही, तयारच असते. रागाचा जोर मेंदूच्या खोल, जुन्या भागांतून येतो, त्यात उजव्या बाजूचाही हातभार असतो, आणि तयार शब्द बाहेर ढकलला जातो. पावसात मोठा पांदण रस्ता खचला, तरी बांधावरची पायवाट चालू राहते, तसं. त्या पायवाटेने माणूस जातो, पण भरलेली बैलबंडी जात नाही.

हे डॉक्टरांच्या ध्यानात येऊन दीडशेहून जास्त वर्षं झाली. पॅरिसजवळच्या एका रुग्णालयात वर्षानुवर्षे असलेला एक माणूस काहीही विचारलं तरी "तँ, तँ" एवढंच म्हणायचा. फार चिडला तर मात्र एक अख्खी शिवी तोंडून निघायची. त्याला बरंचसं समजत होतं. १८६१ मध्ये तो गेल्यावर पॉल ब्रोका या डॉक्टरांनी त्याचा मेंदू तपासला, तेव्हा इजा डाव्या बाजूच्या पुढच्या भागात सापडली. त्या जागेला आजही ब्रोकांचं नाव आहे.

हे ऐकता ऐकता सुनेला काहीतरी आठवलं. शेजारच्या पोरी भुलाबाईची गाणी म्हणत होत्या, तेव्हा आत्याबाईंनी त्यांच्यासोबत पुरी दोन कडवी म्हटली होती, शब्द न चुकता. धान्य मोजतानाही "लाभ, दोन, तीन" म्हणत त्या वीसपर्यंत गेल्या होत्या. "मले वाटलं बऱ्या झाल्या. लगेच विचारलं, च्या घेता का? तं पुन्हा 'हो ते'." ही गोष्ट घरच्यांनी आतापर्यंत कोणाला सांगितली नव्हती, कारण तीही त्यांना नाटकासारखीच वाटली होती. लहानपणी शेकडो वेळा म्हटलेलं गाणं आणि रोजची मोजणी हेही तयार बोलणंच. जुनी आठवण मेंदूत एकाच खोबणीत ठेवलेली नसते, वरच्या थरात दूरदूर पसरलेली असते, म्हणून एका जागच्या इजेने सगळी पुसली जात नाही. गाणं असं टिकून राहतं, याचाच आधार घेऊन बॉस्टनच्या डॉक्टरांनी १९७३ मध्ये चालीवर बोलायला शिकवण्याची पद्धत मांडली. सगळ्यांना ती लागू पडत नाही, काहींना पडते. आम्ही "पा-णी दे" हे दोनच शब्द भुलाबाईच्या चालीवर, डाव्या हाताने ताल धरून म्हणायला लावले. पुढची दिशा वाचा-उपचार करणाऱ्या तज्ज्ञाने ठरवायची असते, त्यासाठी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात पाठवलं.

मायच्या रडण्याकडेही नीट बघायला हवं होतं. लकव्यानंतर काहींचा भावनेवरचा लगाम सैल होतो, कारण नसताना रडू किंवा हसू फुटतं. पण साधारण तिघांतल्या एकाला खरोखरचं नैराश्य येतं, आणि त्यावर औषध आहे. माय त्या दिवशी जमिनीचं बोलणं ऐकून रडली, त्याला मी आजार म्हणणार नाही. ज्याला बोलता येत नाही त्याच्यासमोर त्याच्याच वाटणीचा हिशेब करणं, हे मला या कामात सगळ्यात जास्त लागतं. मुलाला मी तसं स्पष्टच सांगितलं. सात-बाऱ्याचं विचारायचं असेल तर तिला विचारा: एका वेळी एकच प्रश्न, "हो" किंवा "नाही" एवढंच उत्तर देता येईल असा, आणि तोच प्रश्न उलटा करून पुन्हा.

सगळ्या रुग्णांची समज अशी शाबूत असते असं नाही. इजा जरा मागे, कानाच्या वरच्या बाजूला असली तर माणूस भराभर बोलतो, पण त्याचा अर्थ लागत नाही आणि दुसऱ्याचं बोलणंही कमी कळतं. त्याला तर लोक हमखास पागल ठरवतात. म्हणून किल्ली-कंगव्यासारखी परीक्षा प्रत्येकाची घ्यावी लागते. आणि बोलणं अचानक अडखळलं, तोंड वाकडं झालं किंवा एक हात पडला, तर अंगारा लावत बसू नका, १०८ ला फोन करा. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन योग्य रुग्णाला सहसा साडेचार तासांच्या आतच देता येतं.

निघताना सुनेने विचारलं, "आता शिवी दिली तं काय करू?"

मी सांगितलं, टीव्ही बंद करा, समोर बसा, ओरडू नका, कान चांगले आहेत त्यांचे. "पाणी? संडास? दुखते?" असं एकेक विचारा आणि उत्तरासाठी थांबा, मनात दहापर्यंत मोजून. तुम्ही स्वतः थकलात तर १४४१६ वर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेला फोन करा, तो फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं.

पुढच्या खेपेला मुलगा एकटाच आला होता. मायला दोन-तीन शब्दांची वाक्यं जमू लागली होती, नावं अजून चुकत होती, त्याला धाकट्याच्या नावाने हाक मारत होती. जमिनीचं काम त्याने तूर्त थांबवलं होतं. सरळ विचारल्यावर मायने नाही म्हटलं होतं, आणि उलटं विचारल्यावर हो.