जेवणाच्या बैठकीत नियोजित शहर : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आमच्या सेवा क्लबची मासिक बैठक रविवारी दुपारी एक ते अडीच अशी जेवणासह असते. साठेक सभासद येतात. या वेळी नवी मुंबईच्या उभारणीत काम केलेले एक निवृत्त नगररचनाकार ‘नियोजित शहर कसे उभे राहते’ यावर बोलणार आहेत. एरवी वक्त्याच्या वाट्याला जेमतेम दहा मिनिटे उरतात. वेळ कशी बसवावी? (कार्यक्रम सचिव, रामदासपेठ)

उत्तर : वक्त्याचा वेळ खातात त्या वाढपाची रांग, सत्कार आणि लांबलेले प्रास्ताविक. रांगेचा हिशेब आधी मांडा. ताट भरायला माणशी वीस सेकंद धरले तरी साठ जणांची एकेरी रांग वीस मिनिटे चालते. टेबल भिंतीला न लावता हॉलच्या मध्ये घ्या आणि दोन्ही बाजूंना ताटे ठेवा, म्हणजे दहा मिनिटांत काम होते. पोळ्या आणि ताक रांगेत ठेवूच नका, जागेवर फिरवून वाढायला सांगा. रांग तुंबते ती गरम पोळीपाशी.

पाऊणला दार उघडा, एकच्या ठोक्याला वाढप सुरू करा. दीडला घंटा. पाच मिनिटांत सूचना आणि वक्त्याचा परिचय, तोही चार ओळींचा आणि कागदावर लिहिलेला. १.३५ ते २.०० व्याख्यान, २.२० पर्यंत प्रश्न. शाल-श्रीफळ आणि आभार त्यानंतर. सत्कार आधी घेतला की फोटो काढण्यात दहा मिनिटे जातात, ती परत मिळत नाहीत. केटररला बजावून ठेवा : दीडपर्यंत जेवढी ताटे उचलून होतील तेवढी उचला, उरलेली व्याख्यान संपेपर्यंत आहेत तिथेच राहू द्या. स्टीलच्या ताटांच्या आवाजापुढे माइकही हरतो.

जेवण साधे ठेवा : वरण-भात, पोळी, दोन भाज्या, कोशिंबीर, ताक, गोडाला संत्रा बर्फीचा एक तुकडा. वडाभात किंवा सावजी रस्सा आपल्याकडे सगळ्यांना हवाच असतो, पण तो व्याख्यान नसलेल्या दिवशी. वक्त्याला पाऊणलाच बाजूला बसवून निवांत जेवू घाला. एकदा सभासद भेटायला आले की त्यांचा घास हातातच राहतो.

प्रश्न : विषय अवाढव्य आहे. पंचवीस मिनिटांत त्यांना नेमके काय बोलायला सांगावे? इमारती, इतिहास की वास्तुरचनाकार? (सभासद, धरमपेठ)

उत्तर : जमीन आणि पाणी. आमचे मत याबाबत ठाम आहे. रस्ते आणि इमारती डोळ्यांना दिसतात, म्हणून बहुतेक व्याख्याने तिथेच घुटमळतात. शहर फसते किंवा तगते ते मात्र या दोन गोष्टींवर.

जमिनीचा भाग नवी मुंबईइतका स्वच्छ दुसरीकडे क्वचितच दिसतो. नवी मुंबई उभारणाऱ्या सिडको या सरकारी महामंडळाची स्थापना १७ मार्च १९७० ची. ठाणे, पनवेल, उरण भागातल्या ९५ गावांची जमीन घेऊन सुमारे ३४४ चौरस किलोमीटरचे शहर आखले गेले. जमीन गेली, पण मोबदल्यावरचा असंतोष साचत राहिला. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालच्या शेतकरी आंदोलनावर गोळीबार झाला आणि पाच जणांचा बळी गेला. पुढे १९९० मध्ये संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड मूळ मालकाला परत देण्याची योजना आली. हे वीस वर्षे आधी का ठरले नाही, एवढ्या एका प्रश्नावर वक्त्यांना दहा मिनिटे द्या. दळणवळणाचेही तसेच. खाडीवरचा वाशीचा पूल १९७३ चा, पण लोकल वाशीला पोचली १९९२ मध्ये. मधली एकोणीस वर्षे लोक बसवरच अवलंबून होते. घरे आधी आणि गाडी मागाहून, हा क्रम उलटा पडला.

पाण्यासाठी धारण तलाव समजावून घ्या. नवी मुंबईतली भराव घातलेली बरीचशी जमीन भरतीच्या पातळीपेक्षा खाली आहे. भरती चढली की नाल्यांच्या तोंडाची झडपदारे बंद होतात आणि पावसाचे पाणी तलावात साठते. ओहोटीला दारे उघडतात, साठलेले पाणी खाडीत जाते. तलावात गाळ बसला, खारफुटी वाढली की साठवण घटते आणि भरती व मुसळधार पाऊस एकाच वेळी आले की पाणी रस्त्यावर येते. चंडीगडला समुद्र नाही, पण १९५८ मध्ये बांधलेल्या सुखना तलावाचे दुखणे गाळाचेच. गाळ कोण, किती वर्षांनी आणि कोणत्या खर्चातून काढणार, हे आराखड्यात लिहिलेले नसले तर तो आराखडा अपुरा समजावा.

हा विषय नागपूरला परका नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये अंबाझरी तलाव ओसंडून नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरले, ते हॉलमधल्या अनेकांनी पाहिले असेल. शेती पाडून लेआउट टाकायचे, प्लॉट विकायचे आणि गटार-रस्त्याचे नंतर बघायचे, ही पद्धतही सगळ्यांच्या ओळखीची. वक्त्यांना आठवडाभर आधी फोन करून हा धागा सांगून ठेवा.

चंडीगडच्या सेक्टरला दोन मिनिटे पुरेत : ८०० बाय १२०० मीटर, शाळा आणि बाजार आतच, म्हणजे मूल मोठा रस्ता न ओलांडता शाळेत पोचते.

प्रश्न : नकाशे पडद्यावर कधीच वाचता येत नाहीत. उपाय? (वाचक, सदर)

उत्तर : दर तीन मीटर अंतराला अक्षराची उंची अडीच सेंटीमीटर धरा. शेवटची खुर्ची बारा मीटरवर असेल तर पडद्यावरचे अक्षर दहा सेंटीमीटरचे हवे. म्हणजे एका स्लाइडवर सात-आठ ओळींपेक्षा जास्त मजकूर मावतच नाही, आणि विकास आराखड्याचे संपूर्ण पान तर मुळीच नाही. पूर्ण नकाशा ए-थ्री कागदावर छापून प्रत्येक टेबलावर एक ठेवा आणि पडद्यावर फक्त एका नोडचा, म्हणजे शहराच्या एका उपनगराएवढ्या भागाचा, तुकडा दाखवा. दुपारच्या उजेडात खिडक्यांच्या साध्या पडद्यांचा उपयोग नसतो, त्यांना जाड कापड लावा. प्रोजेक्टर आणि लॅपटॉपची जोडणी बाराला तपासून घ्या. बहुतेक वेळा अडचण निघते ती न बसणाऱ्या पिनची.

प्रश्न : प्रश्नोत्तरात दोघे-तिघे उठून स्वतःच भाषण करतात. काय करावे? (सभासद, लक्ष्मीनगर)

उत्तर : जेवतानाच टेबलांवर चिठ्ठ्या आणि पेन ठेवा, दोनला गोळा करा. सूत्रसंचालकाने एकाच विषयाच्या चिठ्ठ्या एकत्र करून वाचाव्यात, वीस मिनिटांत सहा प्रश्न होतात. पहिला प्रश्न मात्र तुम्हीच ठरवून ठेवा : जमीन गेलेल्या कुटुंबांची पुढची पिढी आज त्या शहरात काय करते?