चर्चच्या मंडळीतली सभासदांची खासगी माहिती स्वयंसेवकांनी कशी सांभाळावी?

माहिती फुटते ती बहुतेक वेळा चोरीमुळे नाही, प्रेमापोटी. ‘अमक्या ताईंसाठी प्रार्थना करा, गाठ निघाली आहे’ असं कुणीतरी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकतं आणि त्या ताईंनी घरीसुद्धा सांगितलेलं नसतं. म्हणून प्रार्थना-विनंती घेतानाच विचारा: नाव सांगू का? आजार सांगू का? की फक्त पाळकांपर्यंत (चर्चच्या धर्मगुरूंपर्यंत) ठेवू? उत्तर चिठ्ठीवरच लिहा. प्रार्थना झाली की चिठ्ठी फाडून टाका.

सभासद नोंदवही, दशांशाचा (उत्पन्नाच्या दहाव्या भागाच्या दानाचा) हिशेब आणि समुपदेशनाच्या नोंदी एकाच गूगल शीटमध्ये ठेवू नका. टॅब लपवला तरी शीट पाहणारा माणूस तिची प्रत काढून तो टॅब उघडू शकतो. तीन वेगळ्या फाइली करा. दशांश खजिनदार आणि हिशेब तपासणाऱ्यांपुरता, समुपदेशन फक्त पाळकांकडे. ‘लिंक असलेल्या कुणालाही’ हा पर्याय बंद ठेवा, नाव घालूनच परवानगी द्या. फाइली मंडळीच्या खात्यावर असाव्यात. चिटणिसांच्या खासगी जीमेलवर असल्या तर ते पद सोडताना सगळं त्यांच्याबरोबर जातं. समिती बदलली की त्याच दिवशी जुनी परवानगी काढा आणि पासवर्ड बदला.

आधार कार्डाच्या झेरॉक्स तर गोळाच करू नका. बाप्तिस्म्याच्या नोंदीला जन्मतारीख आणि आईवडिलांची नावं पुरतात.

संडे स्कूलच्या मुलांचे फोटो आणि फोन नंबर घ्यायचे तर पालकांची लेखी संमती हवीच. 2023 चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदाही 18 वर्षांखालील सर्वांना मूलच मानतो.