सैन्यातल्याच अन्यायावर बोलणारा युद्धविरोधी चित्रपट कोणता पाहावा?

स्टॅन्ली कुब्रिकचा 'पाथ्स ऑफ ग्लोरी' (१९५७). कृष्णधवल, जेमतेम दीड तास.

पहिलं महायुद्ध, फ्रेंच खंदक. बढतीच्या आशेने एक जनरल अशक्य हल्ल्याचा हुकूम देतो. हल्ला फसतो आणि भित्रेपणाच्या आरोपाखाली तीन जवानांना उभं केलं जातं. एकाची निवड तर चक्क चिठ्ठी टाकून! कर्नल डॅक्स (कर्क डग्लस) त्यांची बाजू मांडतो, पण निकाल आधीच ठरलेला. मला सगळ्यात जास्त टोचतो तो कोठडीतला प्रसंग: उद्या आपण नसू आणि हे झुरळ जिवंत असेल, असं एक जण म्हणतो. दुसरा ते तिथेच चिरडतो. पुढे कवटी फुटलेल्या जवानाला स्ट्रेचरवरून वधस्तंभाकडे नेतात, शुद्धीवर यावा म्हणून त्याचे गाल चिमटतात. तिथे माझ्या पोटात कालवतं, दरवेळी.

ही नुसती कल्पना नाही. मार्च १९१५ मध्ये सुएँ इथे चार फ्रेंच कॉर्पोरलना असंच गोळ्या घातल्या गेल्या. त्यांच्यावरचा कलंक पुसला गेला १९३४ मध्ये. चित्रपट फ्रान्समध्ये प्रदर्शित व्हायला १९७५ उजाडलं.

शेवटचं जर्मन मुलीचं गाणं संपेपर्यंत उठू नका.