जुन्या पिकअपची चेसिस गंजली आहे. पॅच मारून वरून काळं कोटिंग केलं तर चालेल का?

कोटिंगपुरतं विचाराल तर नाही. पॅचचं नंतर सांगतो.

तुम्ही लिहिलंय की गाडी सोळा वर्षांची आहे, इंजिन ठणठणीत आहे, मागच्या डाव्या पाट्याच्या (स्प्रिंगच्या) पुढच्या हँगरपाशी, म्हणजे पाटा चेसिसला जिथे टांगलेला असतो तिथे, अंगठा जाईल एवढं भोक पडलंय, आणि ओळखीचे एक जुने ड्रायव्हर म्हणतात, ‘पॅच मार, काळं फास, पाच वर्षं बघायला नको.’ हे वाक्य वाचलं आणि हातातलं काम ठेवून लिहायला बसलो. आमच्या घरी हेच वाक्य दाजींचं होतं. अक्षरश: हेच, फक्त पाचच्या जागी दहा वर्षं.

पिकअप वडिलांची. त्यांच्यामागे माझ्याकडे आली तेव्हा चौदा वर्षांची होती. खाली वाकून बघितलं तर हौद्याखालची चेसिस तांबूस झालेली, क्रॉस मेंबरच्या (चेसिसच्या दोन लांब बाजू जोडणाऱ्या आडव्या पट्टीच्या) जोडापाशी पापुद्रे सुटलेले. मी म्हटलं, हौदा उतरवून नीट बघू. दाजी हसले. त्यांनी उभी हयात ट्रक चालवण्यात घालवलेली, त्यांच्यापुढे आम्ही म्हणजे पोरंच. ‘अरे, गंज नाही अशी चेसिस दाखव मला. धुऊन घे, डांबरी कोटिंग मार आणि विसरून जा.’ बहीणही म्हणाली, ऐक की त्यांचं. ऐकलं. सकाळी प्रेशरच्या पाण्याने चेसिस धुतली, दुसऱ्या दिवशी कोटिंग मारून घेतलं. गाडी खालून अशी चकचकीत दिसायला लागली की मी फोटो काढून ठेवले. अजून आहेत.

दोन वर्षांनी एकदा गाडी भरलेली असताना मागून चालत येत होतो आणि केबिन नि हौदा यांच्यातल्या फटीवर नजर गेली. खाली दोन बोटं, वर जेमतेम एक. आधी वाटलं हौद्याचे बोल्ट सैल झाले असतील. माल उतरवून खाली शिरलो. सगळं काळं, गुळगुळीत, एक ओरखडा नाही. हातोडीने ठोकत मागून पुढे आलो. टण्, टण्, टण्, आणि केबिनच्या मागे वीतभर जागेत थप्प. पुन्हा ठोकलं, पुन्हा थप्प. स्क्रू ड्रायव्हर टेकवून दाबला तर मुठीपर्यंत आत. बाहेर ओढला तसा ओल्या मातीचा आणि गंजाचा राडा माझ्या मनगटावरून कोपरापर्यंत आला. त्याच्यात अभ्रकासारखे थर होते, नखाने सुटे होणारे. वरचं कोटिंग मात्र रबरासारखं ताणून धरलेलं. त्या जागी चेसिस म्हणून जे काही उरलं होतं ते कोटिंगच होतं.

झालं काय होतं ते पुढे कळलं. या पिकअपची चेसिस पेटीसारखी बंद, म्हणजे आत पोकळ. ती आतून गंजते, बाहेर दिसतो तो शेवटचा अंक. आत शिरलेलं पाणी निघून जावं म्हणून खाली भोकं ठेवलेली असतात. ती चिखलाने तुंबतात, आणि आमच्याकडे जी दोन-चार उघडी होती ती कोटिंगवाल्याने बुजवून टाकली. आदल्या दिवशी मी स्वत: मारलेलं पाणी आत, वरून झाकण. गंजाला हवं ते सगळं आम्ही हौसेने पुरवलं. त्यात गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, त्यामुळे जिथे दोन पत्रे एकावर एक रिव्हेट केलेले असतात तिथे तो आतून फुगून त्यांना पाचर मारल्यासारखा फाकवतो. तिथे वरून काहीही फासा, फरक शून्य.

दाजींचं दुसरं लाडकं वाक्य, ‘नावाजलेल्या कंपनीची चेसिस कुठं गंजते होय?’ टोयोटाचं नाव पुरेसं नावाजलेलं आहे ना? त्यांच्या टॅकोमा पिकअपच्या चेसिस अमेरिकेत इतक्या सडल्या की २००८ साली कंपनीने १९९५ ते २००० या मॉडेलांना गंजासाठी पंधरा वर्षांची हमी दिली, आणि ज्या फारच गेलेल्या होत्या त्या बाजारभावाच्या दीडपट देऊन परत घेतल्या. हे मी दाजींना वाचून दाखवलं होतं. ते म्हणाले, तिकडं रस्त्यावर मीठ टाकतात. टाकतात, खरंय. मिठाने गंज भराभर वाढतो. पण आमची गाडी मिठाशिवायच सडली होती, ते?

असो. तुमच्या गाडीकडे येतो.

भोक हँगरपाशी आहे, म्हणजे नेमकं वाईट जागी. मागच्या चाकाचा सगळा धक्का तिथून चेसिसमध्ये शिरतो. अंगठ्याएवढं भोक दिसतंय म्हणजे त्याच्याभोवतीचा हातभर पत्रा कागद झालेला असणार. ठोकून बघा, आवाज सांगेल. चेसिसची खालची बाजू आणि हौद्याखालची वरची बाजूही ठोका, वरची लोक हमखास सोडतात. आणि चेसिसच्या आधी तिच्यावरून जाणारे ब्रेकचे पाइप बघा. ज्या गंजाने चेसिस खाल्ली त्याने तो बारीक पाइप सोडला असेल असं समजू नका. चेसिस मोडायच्या आधी ब्रेक जातील.

पॅच मारून चालेल का, तर पॅच कशावर मारणार त्यावर आहे. आम्ही ज्या फॅब्रिकेटरकडे गेलो त्याने पहिल्या दिवशी सरळ नाही म्हणून सांगितलं. ‘सडक्या पत्र्याला मी वेल्डिंग कसं धरवू? फुंकर मारली तरी भोक पडतंय.’ मला तिथेच तो माणूस आवडला. जो बघताक्षणी ‘होऊन जाईल’ म्हणतो त्याच्याकडून गाडी परत आणा.

तीन दिवसांनी तो तयार झाला, पण अटी त्याच्या. हौदा उतरवायचा (आठातले तीन बोल्ट तुटले, बाकीचे कापावे लागले), टाकी काढायची, बॅटरीच्या वायरी सोडायच्या. मग चांगलं लोखंड लागेपर्यंत कापत जायचं. मी तळहाताएवढा तुकडा जाईल असं धरून चाललो होतो, गेला दीड फूट. कापण्याआधी त्याने गाडी घोड्यांवर (लोखंडी स्टँडवर) सपाट उभी केली, फट सरळ होईपर्यंत जॅकने उचलत नेली, कर्णाची मापं दोन्हीकडून सारखी आली तेव्हा ग्राइंडर हातात घेतला. नवा तुकडा त्याच जाडीचा. टोकं त्याने तिरकी कापली. मी विचारलं, सरळ का नाही? म्हणाला, ‘वेल्डिंगची रेघ चेसिसला सरळ आडवी गेली की पुढची चीर तिथूनच.’ बाहेरून वर प्लेट चढवली तीही दोन्ही टोकांना निमुळती. याच्यावर मी दोन पानं लिहू शकतो, पण ते काम तुम्ही स्वत: करणार नाही आहात आणि करूही नका. ग्रिल जोडता येणं वेगळं, चेसिस जोडणं वेगळं.

मग ब्रशने घासून इपॉक्सी प्रायमर, वर रंग. आतल्या पोकळीत लांब नळीने पातळ मेण फवारलं, खालच्या भोकांतून ते ठिबकलं तेव्हा भोकं उघडी असल्याची खात्री झाली. आता दर वर्षी कोरड्या दिवसांत पुन्हा फवारतो. गंजाचा रंग काळा करणारी रसायनं मिळतात, त्यांत फॉस्फोरिक किंवा टॅनिक आम्ल असतं. घासूनही उरणाऱ्या घट्ट, पातळ गंजावर ती बरी चालतात. पापुद्र्यांवर ओतली तर वरचा पापुद्रा काळा होतो, बस्स.

विकावी की ठेवावी हे मी सांगू शकत नाही. एकाच जागी सडली असेल तर करून घ्या. दोन्ही बाजूंना, तीन-चार ठिकाणी थप्प वाजत असेल तर चेसिस बदला नाहीतर गाडी मोडीत काढा. वरून काळं करून कुणाच्या गळ्यात मारू नका एवढं मात्र सांगतो. आणि निर्णय होईपर्यंत माल भरू नका. हे खरं तर पहिल्या ओळीत लिहायला हवं होतं.

आता एक गोष्ट दाजींच्या बाजूची, नाहीतर बहीण वाचेल आणि ऐकून घ्यावं लागेल. त्यांचे ट्रक काळं फासून खरंच वीस वर्षं चालले. पण मोठ्या ट्रकची चेसिस म्हणजे जाड पत्र्याची उघडी पन्हळ. पाणी थांबत नाही, आतली बाजू डोळ्यांना दिसते, हात घालून घासता येते. आमची पेटी, पत्रा साधारण तीन मिलिमीटरचा. त्यांचा अनुभव खोटा नव्हता, दुसऱ्या गाडीचा होता. कोटिंगही मुळात वाईट नाही, कोरड्या आणि स्वच्छ लोखंडावर मारलंत तर. घाई मीही केली होती, ओल्यावर मारू नका असं तेव्हा कोटिंगवाल्याला मी तरी कुठं म्हटलं?

कापलेल्या तुकड्यातला वीतभर मी ठेवलाय. एका बाजूने काळा चकचकीत, दुसऱ्या बाजूने चाळणी. मागे दाजी आले तेव्हा त्यांच्या हातात दिला. त्यांनी उलटसुलट करून बघितला, चाळणीतून उजेडाकडे डोळा लावला, आणि खाली ठेवत म्हणाले, ‘एकच हात मारलेला दिसतोय. दोन मारायला पाहिजे होते.’